परक्याचा हात आपला होतो काय?

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आले. ते आपल्या पुण्याशी निगडित असल्याने आजच्या विषयाला हात घालण्यापूर्वी त्याची हकीकत सांगतो. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचे नाक कापण्यात आले आणि एक हातही तोडण्यात आला. पत्रात त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. ऐकणाऱ्या इंग्रजाने मूळ नाव काय ऐकले आणि काय लिहिले, कोण जाणे! वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीट भाजणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज शल्यवैद्य ते पाहत होते.

कृती अशी. प्रथम मेणाचे नाक घडवायचे. ते दाबून सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि भोवती रेघ ओढायची. रेघेच्या आतील कातडी सोडवायची. पण दोन भुवयांमध्ये एक लहानशी पट्टी सलग राखायची. मग ती कातडी पिरगळून खाली आणायची, नाकाच्या जागी खाचेत बसवायची आणि वर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या. टाका एकही नाही. सुमारे पंचवीस दिवसांनी भुवयांमधली ती पट्टी कापून टाकली की झाले. हे वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने १८१४ मध्ये तसेच नाक करून पाहिले, आणि ही विद्या युरोपात पसरली.

कावसजीला नाक मिळाले. हात मात्र मिळाला नाही, आणि मिळेल अशी कल्पनाही त्या वेळी कोणाच्या मनात आली नसणार. त्या कारागिराचे यश दोन गोष्टींवर उभे होते. भुवयांमधल्या पट्टीतून कातडीला रक्त मिळत राहिले, ही पहिली. कातडी त्याच माणसाची होती, ही दुसरी. तोडलेल्या हाताच्या बाबतीत दोन्ही आधार नाहीत. हात धडापासून सुटला की रक्त तुटते. आणि स्वतःचा हात रणांगणावर कुठे तरी कुजून गेलेला असल्यावर नवा आणायचा तो दुसऱ्याच्याच अंगावरून. पहिली अडचण कारागिरीने सुटली. दुसरी अजून पुरती सुटलेली नाही, आणि आजचे सारे विवेचन या दुसऱ्या अडचणीभोवतीच फिरणार आहे.

पहिलीची हकीकत थोडक्यात सांगतो. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना लिआँ शहरात कोणी सुरा भोसकला. पोटातील एक मोठी रक्तवाहिनी चिरली होती आणि ती शिवण्याची विद्या कोणाजवळ नव्हती, ते गेले. त्याच शहरात अलेक्सी कारेल नावाचा एक तरुण वैद्यकाचा विद्यार्थी होता. ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. तो चक्क कशिदा काढणाऱ्या एका बाईकडे जाऊन बारीक टाका घालायला शिकला, आणि पुढे रक्तवाहिन्या टोकाला टोक लावून शिवण्याची रीत त्याने बसवली. १९१२ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. पन्नास वर्षांनी, १९६२ मध्ये, बोस्टनमध्ये डॉ. रोनाल्ड माल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आगगाडीखाली तुटलेला एका बारा वर्षांच्या मुलाचा हात पुन्हा जोडला. पुढच्याच वर्षी शांघायमध्ये डॉ. चेन झोंगवेई यांच्या पथकाने यंत्रात तुटलेला एका कामगाराचा पंजा जोडला. मग शस्त्रक्रियेच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आला आणि केसाहून बारीक दोऱ्याने बोटांतल्या रक्तवाहिन्याही शिवता येऊ लागल्या.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते उपयोगाचे आहे. कडबा कापण्याच्या यंत्रात, मळणीयंत्रात किंवा कारखान्यातील प्रेसखाली कोणाचा हात वा बोट तुटले, तर तो तुकडा टाकून देऊ नये. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. गारठून तो मरतो. जखमेवर दाब देऊन पट्टी बांधावी आणि माणसाबरोबर पिशवीही लगोलग मोठ्या रुग्णालयात न्यावी. स्वतःचा हात परत लागला तर त्याच्यासारखे दुसरे काही नाही, कारण शरीर त्याला ओळखते.

परक्याला मात्र ते ओळख देत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पीटर मेडावर हे इंग्रज शास्त्रज्ञ भाजलेल्या रुग्णांवर काम करीत होते. दुसऱ्याची कातडी लावली की ती काही दिवस चांगली दिसे आणि मग गळून पडे. त्याच दात्याची कातडी पुन्हा लावली, तर ती पहिलीपेक्षा लवकर गळे. याचा अर्थ शरीर नुसते नाकारीत नाही, ते लक्षातही ठेवते. रोगजंतूंशी लढणारी जी शक्ती, तीच हा अव्हेर करते. या कार्याबद्दल मेडावर यांना बर्नेट यांच्यासह १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण १९५४ मध्ये बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी केले, तेही जुळ्या भावांमध्ये. दोघांची घडण तंतोतंत एक, त्यामुळे भावाच्या शरीराला ते मूत्रपिंड परके वाटलेच नाही. पण प्रत्येकाला जुळा भाऊ कोठून आणायचा?

मग औषधे आली. ती कोठून आली पाहा: सायक्लोस्पोरिन हे नॉर्वेच्या पठारावरील मातीच्या नमुन्यात सापडलेल्या एका बुरशीतून निघाले, तर टॅक्रोलिमस हे जपानातील त्सुकुबा डोंगराच्या मातीतील जिवाणूंपासून १९८४ मध्ये मिळाले. ही औषधे शरीराच्या पहारेकऱ्याला गुंगी आणतात. पहारेकरी डुलक्या घेऊ लागला की परका अवयव घरात राहू शकतो. परंतु पहारेकरी झोपला की चोरही येतात, हे विसरून चालणार नाही.

हाताचे रोपण यापूर्वीही एकदा झाले होते. १९६४ मध्ये दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात डॉ. रॉबेर्टो गिल्बर्ट यांनी एका खलाशाला मृताचा हात लावला. शिवण उत्तम होती, पण औषधे दुबळी. दोन-तीन आठवड्यांत तो हात काढून टाकावा लागला. नंतर चौतीस वर्षे कोणी त्या वाटेला गेले नाही. कारण उघड आहे. मूत्रपिंड, यकृत यांचे रोपण सर्रास होऊ लागले तरी हातात कातडी आहे, आणि सर्व अवयवांत कातडीचाच अव्हेर शरीर सर्वांत जोराने करते. हात म्हणजे एक अवयव नव्हेच. कातडी, हाडे, मज्जा, स्नायू, कंडरा, मज्जातंतू, रक्तवाहिन्या अशी ती परक्या माणसांची वसाहतच आहे म्हणा ना.

२३ सप्टेंबर १९९८ रोजी लिआँमध्ये — कारेलच्याच लिआँमध्ये — डॉ. झाँ-मिशेल दुबेर्नार आणि त्यांचे अनेक देशांतील सहकारी यांनी न्यूझीलंडच्या एका गृहस्थाला मृत दात्याचा हात लावला. तो लागला. बोटे हलू लागली, जगभर छायाचित्रे छापून आली. पण हा मनुष्य औषधे नीट घेईना. हा हात आपला नव्हे, असे त्याला वाटू लागले. शेवटी त्याने स्वतःच तो काढून टाकण्याची विनंती केली आणि फेब्रुवारी २००१ मध्ये लंडनमध्ये तो कापून काढण्यात आला. शल्यवैद्यांच्या हातून चूक झाली असेल तर ती शिवण्यात नव्हे, माणूस निवडण्यात झाली. त्याच लिआँत जानेवारी २००० मध्ये दोन्ही हात गमावलेल्या एका रंगाऱ्याला दोन हात लावले गेले. त्याने त्यांचा सांभाळ केला आणि तो कामाला लागला. अमेरिकेत केंटकीतील लुईव्हिल येथे जानेवारी १९९९ मध्ये लावलेला हातही वर्षानुवर्षे टिकला. औषधे त्याच जातीची, विद्या तीच, आणि निकाल इतके वेगळे.

आता हा लावलेला हात चालतो कसा, हे पाहण्यासाठी एक प्रयोग करा. डाव्या हाताने आपल्या उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग धरा आणि उजव्या हाताची बोटे मिटा, उघडा. हालचाल कोठे जाणवते? बोटांत स्नायू नाहीतच. बोटे ओढणारे मोठे स्नायू कोपराखाली आहेत आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीचे दोर जसे वर खेळवणाऱ्याच्या हाती असतात तसे. म्हणून ज्याचा हात मनगटाजवळ तुटला, त्याचे स्वतःचे स्नायू शाबूत असतात. नव्या हाताच्या कंडरा त्यांना जोडल्या की थोड्याच आठवड्यांत बोटे हलू लागतात. स्पर्श मात्र उशिरा येतो. मज्जातंतू शिवला म्हणजे त्यातून वीज वाहू लागली असे नव्हे. रुग्णाच्या बाजूचा तंतू नव्या हाताच्या नळीतून रोपासारखा वाढत जावा लागतो, आणि त्याची गती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. मनगटाच्या वर, हाताच्या मध्यावर जोड असेल तर बोटांच्या टोकापर्यंत तीस सेंटिमीटर जायला दहा महिने. कोपराच्या वर जोड असेल तर दीड-दोन वर्षे. इतका काळ ज्या स्नायूला मज्जातंतूची हाक पोहोचत नाही, तो वाळून जातो आणि मग हाक पोहोचली तरी उठत नाही. कोपरावरचे रोपण म्हणूनच फार अवघड.

या सर्व काळात रोज तासन् तास व्यायाम करावा लागतो. मेंदूलाही शिकावे लागते. हात तुटल्यावर मेंदूतील हाताची जागा ओस पडत नाही, शेजारचे तिच्यात शिरतात. पुष्कळांना तुटलेला हात जागेवर आहे असे भासते, तो दुखतोही, डॉ. रामचंद्रन यांनी साध्या आरशाच्या खोक्याने हे दुखणे कमी करून दाखवले होते. लिआँच्या रुग्णाच्या मेंदूची चित्रे घेतली तेव्हा दिसले की, नवा हात आल्यावर ती जागा हाताकडे परत येऊ लागते. गंमत अशी की अंगठ्याचा ठसा कायम दात्याचाच राहतो, पण अक्षर रुग्णाचे स्वतःचे उमटते. कारण अक्षर हातात नसते, मेंदूत असते.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटलाच की! येथेच थांबून विचार केला पाहिजे.

मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसापुढे मरण उभे असते. त्याला औषधांचा धोका पत्करणे भाग आहे. हात नसलेला मनुष्य मात्र, हाताखेरीज, धडधाकट असतो. त्याला आपण नवा हात देतो आणि त्याबरोबर जन्मभराची औषधे देतो. ही औषधे मधुमेह आणू शकतात, रक्तदाब वाढवतात, चांगल्या मूत्रपिंडांना हळूहळू इजा करतात. साधा संसर्ग जिवावर बेतू शकतो, आणि काही जातींच्या कर्करोगाची भीती वाढते. म्हणजे निरोगी माणसाला आपण रोगी करतो, तेही त्याच्याच संमतीने. एवढे करून अव्हेर टळतोच असे नाही. बहुतेकांना पहिल्या वर्षात एकदा तरी अव्हेराचा झटका येतो. हातावर तांबडे चट्टे उठतात. एक बरे, की मूत्रपिंडाचा अव्हेर आत दडून होतो, हाताचा डोळ्यांना दिसतो. वेळीच औषध वाढवले की बहुधा तो आवरतो. पण वर्षांनुवर्षे आतल्या रक्तवाहिन्या जाड होत जाण्याचा दुसरा एक प्रकार आहे. तो आवरणे कठीण.

जगात आतापर्यंत शंभराहून अधिक लोकांवर अशी रोपणे झाली आहेत. त्यांपैकी पुष्कळांचे हात उत्तम टिकले, पण फसलेल्यांची हकीकतही सांगितली पाहिजे. चीनमध्ये १९९९ नंतर बरीच रोपणे झाली. त्यांतले अनेक हात औषधे बंद पडल्यामुळे गेले. पिट्सबर्गला २००९ मध्ये दोन्ही हात मिळालेल्या एका अमेरिकन गृहस्थाने काही वर्षांनी जाहीरपणे सांगितले की, या हातांनी मला काहीच करता येत नाही. पूर्वी कृत्रिम हातांनी जे जमत होते तेही गेले. पॅरिसजवळ २००९ मध्ये एकाच रुग्णाला चेहरा आणि दोन्ही हात लावले. सुमारे दोन महिन्यांत तो दगावला. अंकाऱ्यात २०१२ मध्ये एकाला दोन हात आणि दोन पाय एकदम लावले. काही दिवसांतच तो मनुष्य गेला. हे चार अवयव एकाच वेळी लावण्याचे धाडस मला धाडस वाटत नाही, हव्यास वाटतो.

याउलट फिलाडेल्फियाचे २०१५ चे उदाहरण पाहा. आठ वर्षांच्या मुलाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय बालपणीच्या जंतुसंसर्गात गेले होते. त्याला दोन हात लावले. मुलावर एवढा धोका का पत्करला? तर त्या मुलाला आईचे मूत्रपिंड आधीच लावलेले होते. अव्हेर रोखणारी औषधे तो घेतच होता. हातांसाठी नवा धोका फारसा वाढत नव्हता. शल्यवैद्याचे शहाणपण म्हणतात ते याला.

कृत्रिम हाताचे काय, असे कोणी विचारील. पायाच्या बाबतीत आपला देश भाग्यवान. जयपूर फूट घालून माणसे शेतात चिखल तुडवतात, झाडावर चढतात. पायाने भार पेलला की पुष्कळ झाले. हाताला स्पर्श लागतो. विजेवर चालणारे कृत्रिम हात आज वस्तू पकडतात. परंतु भाकरी ताजी की शिळी, बाळाला ताप आहे की नाही, हे ते सांगत नाहीत. ज्याचा एक हात शाबूत आहे, त्याचे कसेबसे निभते. ज्याचे दोन्ही गेले, त्याची गोष्ट निराळी. घास दुसऱ्याने भरवायचा, नाडी दुसऱ्याने बांधायची, आंघोळ आणि त्यापुढचे सर्व दुसऱ्याने करायचे. आपल्या देशात हात गमावणारे बहुधा हातावर पोट असलेलेच असतात, आणि त्यांच्या घरी सेवेला माणूस ठेवण्याची ऐपत नसते. अशा माणसाने, मला आयुष्याची काही वर्षे कमी मिळाली तरी चालतील, पण माझा घास मला घेता यावा, असे म्हटले, तर आपण त्याला कोणत्या तोंडाने नको म्हणणार? त्याला खरे काय ते सांगितलेले असले पाहिजे, आणि जन्मभराच्या औषधांचा खर्च कोण देणार हे शस्त्रक्रियेपूर्वी ठरलेले असले पाहिजे. आपल्याकडे शस्त्रक्रियेसाठी वर्गणी भराभर जमते. सातव्या वर्षीच्या गोळ्यांसाठी कोणी वर्गणी गोळा करीत नाही.

भारतात हे कार्य सुरू झाले ते जानेवारी २०१५ मध्ये, कोचीच्या अमृता रुग्णालयात. डॉ. सुब्रमण्य अय्यर यांच्या पथकाने आगगाडीच्या दुर्घटनेत दोन्ही हात गमावलेल्या एका तरुणाला नवे हात दिले. तेथेच ऑगस्ट २०१७ मध्ये बसच्या अपघातात दोन्ही हात गमावलेल्या पुण्याच्या एका विद्यार्थिनीवर कोपराच्या वर रोपण झाले. वीस शल्यवैद्य सुमारे तेरा तास राबत होते. दाता तरुण मुलगा होता. लावलेले हात तिच्या वर्णाहून सावळे होते. दोन-तीन वर्षांत ते उजळले आणि बोटेही निमुळती दिसू लागली. असे का झाले, याचा उलगडा शास्त्रज्ञांना अजून पुरता झालेला नाही. मुंबईत ऑगस्ट २०२० मध्ये, साथीच्या ऐन धामधुमीत, परळच्या ग्लोबल रुग्णालयात डॉ. निलेश सातभाई यांच्या पथकाने लोकलच्या अपघातात दोन्ही हात गेलेल्या तरुणीला हात लावले. ते हात चेन्नईहून खास विमानाने आणावे लागले होते. एवढे अवाढव्य महाराष्ट्र राज्य, आणि हात चेन्नईहून आणावे लागतात, हे मनाला लागते.

का लागतात? कायदा आड येत नाही. मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव देण्याची तरतूद १९९४ च्या कायद्यात आहे आणि २०११ च्या दुरुस्तीने तीत ऊतकांचाही समावेश झाला. अडचण मनाची आहे. मूत्रपिंड आत असते. ते दिल्यावर देह पूर्वीसारखाच दिसतो. हात बाहेर असतो. ज्या हाताने आपल्याला धरून चालवले, ज्या हाताला राखी बांधली, तो हात द्या म्हणून अपघातानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत आईबापांपुढे जाणे, ही साधी गोष्ट नाही. शिवाय दात्याचा वर्ण, वय, हाताचा आकार हे सगळे थोडेफार जुळावे लागते. म्हणून हातासाठी वेगळी संमती मागतात, आणि अंत्यसंस्कारासाठी देह परत देताना त्याला कृत्रिम हात लावून देतात. हे पुष्कळांना ठाऊक नसते. सभागृहातून घरी गेल्यावर नातेवाइकांत याविषयी एकदा बोलणे झाले, तर पुढे रुग्णालयाच्या ओसरीवर कोणाला तरी ते प्रथमच ऐकावे लागणार नाही.

आता शेवटी तो बैल हाकणारा शेतकरी. तो आज एखाद्या हस्तरोपण केंद्रात आला, तर काय होईल? त्याला तासभर प्रश्न विचारतील. दुसरा हात शाबूत आहे का? आहे. मग बहुतेक शल्यवैद्य त्याला सांगतील, बाबा, एका हातासाठी जन्मभराची औषधे घेऊ नकोस. चांगला कृत्रिम हात बसवून देतो, त्याने कासरा धरता येईल का पाहू. पुण्याजवळच्या त्या वीट भाजणाऱ्याने नाकाला हो म्हटले, आणि हाताच्या बाबतीत आजचा शल्यवैद्यही बहुधा नाहीच म्हणेल. टिपूच्या माणसांनी दोन्ही हात तोडले असते तर मात्र त्याला दाराबाहेर बसवून आतल्या खोलीत पुष्कळ वेळ चर्चा झाली असती.